काचेची गादी

दहावीच्या गणिताचा पेपर कितीही अवघड निघो, त्यातले २० गुण पोरांनी परीक्षेला निघण्याआधीच गाठीला बांधलेले असतात. बीजगणिताला ४०, भूमितीला ४० आणि उरलेले २० शाळेच्या हातात. कागदोपत्री त्यांना ‘अंतर्गत मूल्यमापन’ म्हणतात. शिक्षकखोलीत नुसतं ‘आपले वीस’. पास व्हायला शंभरात ३५ लागतात, म्हणजे आपले वीस पोचले की बोर्डाकडून १५ आणले तरी भागतं. ज्या मुलाला आठवीपासून एकही समीकरण सुटलेलं नाही, त्यालाही हे समीकरण तोंडी येतं. ‘बाई, माझं पंधराचंच करून घ्या,’ असं तो मला जूनमध्येच सांगून टाकतो.

या विसातले दहा गृहपाठाचे. गृहपाठ तपासताना मी नक्की कोणाला गुण देते आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारणं सोडून दिलं आहे. वहीतलं अक्षर ताईचं, पायऱ्या क्लासच्या सरांच्या, उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावरचं. मुलाचं स्वतःचं असं फक्त नाव, तेही दुकानातून छापून आणलेल्या लेबलवर.

उरलेले दहा बहुपर्यायी चाचणीचे. वर्गात साठ मुलं, एकेका बाकावर तिघं. चाचणी सुरू असताना पहिल्या बाकावरची हुशार मुलगी ‘ब’ खोडते आणि ‘क’ करते. खोडरबराचा आवाज होतो. मग दुसऱ्या बाकावर खोडरबर चालतं, मग तिसऱ्या, आणि ते खोडणं ओळीने मागे सरकत भिंतीला जाऊन थडकतं. तरंगाचं प्रसारण शिकवायला याहून चांगला प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. एकदा तिने ‘क’ केलेलं पुन्हा खोडून ‘ब’ केलं, आणि ही दुसरी लाट अर्ध्यावर असतानाच घंटा झाली. मागच्या चार बाकांना बातमी पोचलीच नाही. उत्तर ‘क’च बरोबर होतं. त्या चार बाकांवरच्या बारा जणांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलीपेक्षा जास्त गुण मिळवले आणि पुढचे दोन दिवस ते वर्गात फार गंभीरपणे वावरत होते.

एवढं सगळं झाल्यावर बेरीज १९ येते. सगळ्यांना २० दिले तर डोळ्यांवर येतं, १५ दिले तर पालक येतात. १९ मध्ये एक प्रामाणिकपणा दिसतो. कुठेतरी एक गुण कापलाय म्हणजे कोणीतरी काहीतरी तपासलंय, असं वाटतं.

आठवीपर्यंतची तऱ्हा निराळी. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. हे नाव एका दमात म्हणून दाखवणं हीच तेव्हाच्या प्रशिक्षणातली पहिली तोंडी परीक्षा होती. त्यात आठ साधनं दिली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि आठवं ‘इतर’. सातवी-आठवीला या सगळ्याला मिळून ४० टक्के वजन आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला ६० टक्के. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. हे मी खवचटपणे म्हणत नाही. तीन तास बाकावर बसवून जे कळत नाही ते पोराकडे रोज बघून कळतं, हे कुठल्या शिक्षकाला पटणार नाही? घोळ झाला तो बघण्यात नाही, लिहिण्यात.

कारण जे बघितलं ते लिहायचं होतं, तेही वर्णनात्मक. साठ मुलं, गणित आणि विज्ञान हे दोन विषय, पाच तरी साधनं, दोन सत्रं. साधनागणिक एक नोंद धरली तरी १२०० नोंदी होतात. एवढं वर्णन कादंबरीकारही करत नाहीत. पण अशा अडचणीच्या वेळी बाजार शिक्षकाला वाऱ्यावर सोडत नाही. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या, आणि पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘संख्यांवरील क्रिया अचूक करतो.’ ‘विज्ञानाची दैनंदिन जीवनाशी सांगड घालतो.’ ‘अंधश्रद्धेला विरोध करतो.’ ही शेवटची नोंद कंपासपेटीत अंगाऱ्याची पुडी ठेवणाऱ्या मुलाच्या वाट्याला आली, कारण यादीत त्याचा नंबर अकरावा होता आणि पुस्तिकेतलं वाक्यही अकरावं.

पुस्तिका छापणाऱ्याने सगळी मुलं मुलगेच धरलेले. त्यामुळे राज्यभरच्या नोंदवह्यांत सायली साहित्य काळजीपूर्वक हाताळतो आणि पूजा गटात मिळून मिसळून काम करतो. शेवटी ‘अडथळ्यांच्या नोंदी’ नावाचं एक पान असे. पुस्तिकेचं ते पान कायम कोरं करकरीत राहायचं, कारण अडथळा लिहिला की त्यावर काय उपाय केला तेही लिहावं लागे. तपासणीला येणारे साहेब नोंदी वाचत नसत, मोजत असत. एकदा एका साहेबांनी एक नोंद खरोखर वाचली. सगळी शिक्षकखोली हादरली होती.

गुणांऐवजी श्रेणी आली त्याचाही हिशेब सांगते. ९१ आणि त्यापुढे अ-१, तिथून खाली उतरत उतरत वीस आणि त्याखाली इ-२. गुणांची भीती मुलांच्या मनातून जावी हा हेतू. मुलांच्या मनातून ती गेली आणि पालकांच्या मनात शिरली. ‘बाई, क-दोन म्हणजे बेचाळीस की पन्नास, तेवढं फक्त कानात सांगा.’

आणि हे सगळं लिहून चाललेलं असताना, त्याच वर्गात, खरंखुरं मूल्यमापनही चालूच असतं. त्याला रकाना नाही.

‘समजलं का?’ या प्रश्नाला मराठी शाळेत एकच उत्तर आहे आणि ते सामुदायिक आहे. पण त्या ‘हो’वरूनही पुष्कळ कळतं. खरोखर समजल्याचा ‘हो’ आखूड असतो आणि त्याच्या पाठोपाठ एखादा ‘पण बाई’ येतो. न समजल्याचा ‘होऽऽऽ’ लांबलचक, एका सुरातला, आणि मधल्या सुटीच्या जितका जवळ तितका दणदणीत. मधल्या सुटीआधीच्या पाच मिनिटांत आमच्या वर्गाला त्रिकोणमितीही समजते. मूल शांत बसलं म्हणजे समजलं असं मानण्यात अर्थ नाही. उलट बहुपदी शिकवताना सगळा वर्ग शांत झाला की मला धास्तीच वाटते.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञानशिक्षण अभ्यासक बाई होत्या. त्यांनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, विचार करून येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. वाचलं आणि ठरवलं, तीन सेकंद थांबायचं. पहिल्या सेकंदात पुढच्या बाकावरचा मुलगा उत्तर देऊन मोकळा झाला. प्रश्न त्याला कळलाच पाहिजे असं काही नव्हतं. दुसऱ्या सेकंदात कोणाचा तरी डबा पडला. तिसऱ्यात शिपाईमामा दारात: ‘बाई, आधार अपडेट नसलेल्यांची यादी मागितलीय.’ रो बाईंच्या फितींत शिपाईमामा नसावेत.

पण नेट धरला, आणि मग खरंच काही दिवसांनी त्या तीन सेकंदांत मागच्या बाकावरून एक आवाज आला. मी विचारलं होतं, ०.५ मोठे की ०.२५? तो म्हणाला, ‘पंचवीसवाले.’ वर्ग हसला. पुढच्या बाकाने लगेच बरोबर उत्तर फेकलं. पण मला त्या बरोबर उत्तरातून काहीच कळलं नव्हतं, आणि या चुकीच्या उत्तरातून सगळं कळलं. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे हा मुलगा साध्या संख्येसारखे वाचतो. पाचापेक्षा पंचवीस मोठे, यात त्याचं काही चुकत नाही. कोणी त्याला पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे दाखवावेत तर पंचवीस आता चलनात उरले नाहीत आणि पन्नास कोणाच्या खिशात सापडत नाहीत. मग फूटपट्टी काढली, अर्धा सेंटिमीटर दाखवला, आणि सहा मिनिटांत काम झालं. या सहा मिनिटांची नोंद कुठे करायची? ‘इतर’मध्ये?

दुसरा एक प्रसंग नववीचा. समीकरणात पद बाजू बदलतं तेव्हा चिन्ह बदलतं, हे सांगून झालं. सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं, लांबलचक. एक जण उठला. ‘बाई, टीव्हीवर तर जो पलीकडे गेला तोच चिन्ह पण घेऊन गेला.’ महाराष्ट्रात गणित शिकवण्यात आता हीही एक अडचण आहे. मी त्याला खाली बसवणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की अख्ख्या वर्गात त्या नियमाकडे संशयाने बघणारा हा एकटाच आहे. बाकीच्यांनी चिन्ह जादूने बदलतं हे मान्य केलं होतं. मग दोन्ही बाजूंतून तेच पद वजा करून दाखवलं, तेव्हा कळलं की पद कुठे जातच नाही. ‘म्हणजे पक्षांतर होतच नाही,’ तो म्हणाला, जरा निराश होऊन.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातले पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोघांनी १९९८ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहून हेच जगाला सांगितलं: वर्गात चालता चालता मुलाचं कुठे अडलं ते हेरा आणि तिथल्या तिथे शिकवणं बदला, त्याचा फायदा मोठा असतो. ब्लॅक मूळचे भौतिकशास्त्राचे आणि विल्यम गणिताचे, त्यामुळे मला ते घरचेच वाटतात. विल्यम यांची एक सूचना फार गाजली. हात वर करायला सांगूच नका. आईस्क्रीमच्या काड्यांवर मुलांची नावं लिहा, डब्यात टाका, आणि जी काडी हाती येईल त्याला विचारा. म्हणजे रोज तेच पाच हात वर येणार नाहीत. आमच्याकडे काड्या गोळा करायला वेळ लागला नाही. वर्गाने त्या जबाबदारीसाठी भरपूर कुल्फ्या खाल्ल्या. पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात एकाच मुलाचं नाव सारखं येऊ लागलं. मी म्हटलं, संभाव्यता आहे, होतं असं. नंतर डबा उपडा केला तेव्हा त्या मुलाच्या नावाच्या सात काड्या निघाल्या आणि सात जणांच्या काड्या गायब. त्यांनी संभाव्यतेचं प्रकरण माझ्याआधी वाचलं होतं. पुस्तकात न मावणारं इतकं चोख उपयोजन केल्याबद्दल त्या सातांना मी अ-१ द्यायला हवी होती. दिली नाही, वर्गाबाहेर उभं केलं.

प्रकल्पांबद्दल फार बोलत नाही, कारण ते मुलांचे नसतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हा सगळ्यात मोठं संकट पर्यावरणावरच्या प्रकल्पांवर कोसळलं, एवढंच सांगते.

स्वयंमूल्यमापन मात्र वाचण्यासारखं असतं. ‘गणितातील माझी प्रगती’ या मथळ्याखाली आठवीतल्या एकाने लिहिलं होतं: ‘मी हुशार आहे पण लक्ष देत नाही.’ पुढच्याने लिहिलं: ‘डोकं आहे पण बसत नाही.’ पालकसभेत दर वेळी ऐकलेली वाक्यं पोरांनी जशीच्या तशी उतरवली होती. मुलगा हुशार आहे आणि अभ्यास करत नाही, ही महाराष्ट्रातली सर्वांत सातत्यपूर्ण आणि सर्वंकष अशी वर्णनात्मक नोंद आहे आणि ती कुठल्याही शासन निर्णयाविना चालू आहे.

आमच्या विसांची खरी किंमत दोनदा कळली. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेतले. अभ्यासक्रमही नवा होता हे खरं, पण राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. गणित-विज्ञानाचे वीस त्या मधल्या वर्षीही जागचे हलले नव्हते. भाषेच्या शिक्षकांनी तेव्हा वर्षभर आमच्याकडे असं पाहिलं, की जणू दुष्काळात आमच्याच विहिरीला पाणी होतं.

आणि मग २०२१. करोनामुळे बोर्डाची परीक्षाच रद्द, आणि आमचे वीस एकदम शंभर झाले. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाला २०. म्हणजे मूल्यमापन वर्गातच व्हावं असं म्हणणाऱ्या जगभरच्या विद्वानांचं स्वप्न महाराष्ट्राने एका फटक्यात पूर्ण केलं. फक्त त्या वर्षी बहुतेक काळ वर्गाला कुलूप होतं. तोंडी परीक्षा मी फोनवर घेतली. ‘धातूंची सक्रियता श्रेणी सांग,’ म्हटलं की आधी कागदांची सळसळ, मग आतून आईचा दबका आवाज, मग मुलाचा मोठा आवाज. आई विज्ञानात चांगली तयार झाली होती. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ९५७ मुलांना शंभर टक्के. १६ जुलैला निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळ बंद पडलं; त्या वर्षी नजरेत भरेल असं नापास झालं ते तेवढंच. आमच्या गुणांवर भरवसा नको म्हणून की काय, अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं. ती उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. आपण शिक्षकखोलीत चहा पीत भरलेल्या रकान्यांवर राज्याच्या अकरावीचे प्रवेश उभे आहेत, हे कळल्यावर आमच्यातल्या दोघातिघांना रात्री झोप लागली नाही. बाकीच्यांना लागली.

विज्ञानाचे वीस प्रात्यक्षिकांचे, आणि तिथे राज्य चालतं प्रयोगवहीचं. प्रयोगवही कोणी लिहीत नाही, ती उतरते. गेल्या वर्षीच्या दहावीतून या वर्षीच्या दहावीत, मोठ्या बहिणीकडून धाकट्या भावाकडे. आमच्या शाळेत कधीकाळी कोणीतरी घाईने लिहिताना ‘ल’चा ‘ग’ केला असावा. तेव्हापासून प्रकाशाचं अपवर्तन काचेच्या गादीतून होतं. ‘गादीवर टाचण्या टोचू नयेत’ असा कोणीतरी पुढे दक्षतेचा मुद्दाही घातला आहे, आणि तो तर्काला धरूनच आहे. प्रत्येक वहीत गादी, प्रत्येक गादीखाली शिक्षकाची सही. मीही आता फारशी खोडत नाही. नव्या सरांनी एकदा दुरुस्त करून घेतलं, तर पुढल्या वर्षी काही वह्यांत लादी आणि काहींत गादी आली, आणि दोन्ही वापरून काढलेले कोन सारखेच आले.

कोन तर सारखे येणारच. आत शिरणारा आणि बाहेर पडणारा किरण समांतर असतात हे पुस्तकात छापलेलं आहे. म्हणून मुलं आधी समांतर रेषा काढतात आणि मग तिच्यावर टाचण्यांची भोकं पाडतात. निरीक्षण तक्ता नेहमी शेवटच्या ओळीपासून वर भरत जातो: आधी निष्कर्ष, मग सरासरी, मग तिला शोभतील अशी वाचनं. यात खोटेपणापेक्षा आज्ञाधारकपणा जास्त आहे, असं माझं मत आहे. बरोबर उत्तर माहीत असताना मोजत बसणं हा त्यांना शिक्षकाचा अपमान वाटतो.

मागच्या वर्षी बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराचं प्रात्यक्षिक होतं. हा माझा आवडता प्रयोग, कारण त्यात एक क्षण असा येतो की गुणांचं भान कोणालाच राहत नाही. खिडकीसमोर भिंग धरायचं, मागे कागद, आणि कागद पुढेमागे करता करता मैदानातला कडुनिंब त्यावर उलटा उमटतो. त्यातून शिपाईमामा डोक्यावर चालत गेले की वर्ग कोसळतो. मग पट्टी लावून भिंग ते कागद अंतर मोजायचं, लांबच्या झाडासाठी तेच नाभीय अंतर. भिंगाच्या डबीवर चिकटपट्टी लावून ‘१० सेमी’ लिहिलेलं होतं. सगळ्या गटांची वाचनं आली: १०, १०, ९.९, १०.१, सरासरी १०. फक्त एका गटातली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, माझं १४.८ येतंय.’ गटातल्या मुलांनी तिला डबी दाखवली. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा १४.८. ‘चुकतंय का माझं?’

मी स्वतः मोजलं. साधारण १५ आलं. दिवाळीच्या सुटीत प्रयोगशाळेची सफाई झाली होती, तेव्हा भिंगं भलत्याच डब्यांत गेली होती. ती एक डबी आळीपाळीने सगळ्या गटांकडे फिरली होती. म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत १५ सेंटिमीटरच्या भिंगाने अख्ख्या वर्गाने अचूक १० सेंटिमीटर मोजले होते, दशांशासकट, आणि कडुनिंबही स्पष्ट पाहिला होता.

मी वर्गापुढे ते सांगितलं. तिचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. गुणांच्या तक्त्यात तिला २० दिले. ज्यांनी १० मोजले होते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचेही तोवर १९ लिहून झाले होते, आणि वरती २१ चा रकाना नाही.

सोमवारी प्रयोगवह्या तपासायला आल्या. जवळजवळ सगळ्यांमध्ये आता १४.८ होतं. तिघांनी १४.७ लिहिलं होतं, कॉपी वाटू नये म्हणून.